चर्चमधला आपला सहभाग निकोप आहे का, हे कसे तपासावे?

अबोली_पुणे

सर्वांना सप्रेम नमस्कार. पुण्यातल्या एका जुन्या मराठी चर्चच्या मंडळीची मी सभासद आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न सारे तिथेच झाले. रविवारची उपासना, गायनवृंद, मुलांची रविवारची शाळा, महिला संघ, बुधवारची घरगुती प्रार्थनासभा आणि शुक्रवारची उपास-प्रार्थना असा माझा आठवडा वर्षानुवर्षे बांधलेला आहे. यांतले कोणतेही काम माझ्यावर कोणी लादलेले नाही, बरीचशी तर मी आपणहून मागून घेतली.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई रुग्णालयात होत्या आणि काही आठवडे मला चर्चला जाणे जमले नाही. त्या काळात मंडळीतून जे फोन आले, त्यांतल्या बहुतेकांना रविवारच्या शाळेचे काय करायचे, एवढेच विचारायचे होते. त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट मला स्वतःमध्ये दिसली. सासूबाईंच्या उशाशी बसून त्यांना पेज भरवत असताना, शुक्रवारची प्रार्थना बुडाली म्हणून मला अपराधी वाटत होते.

चर्च चांगले की वाईट, हा माझा प्रश्न नाही आणि श्रद्धा सोडण्याचा तर विचारही मनात नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की निष्ठेने केलेली सेवा कुठे संपते आणि माणूस जखडला जाणे कुठे सुरू होते. आपण स्वतःला कोणते प्रश्न विचारता? कृपया आपले अनुभव लिहावेत, मात्र कोणत्याही मंडळीचे वा व्यक्तीचे नाव घेऊ नये.

निवृत्त_पाळक

अबोलीताई, आपण प्रश्न फार नेमका मांडला आहे. माझी पहिली विनंती अशी की, थकवा ही कसोटी धरू नका. मनापासून केलेल्या कामानेही माणूस थकतो. कर्मेल डोंगरावर एवढे मोठे कार्य केल्यावर संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली जाऊन मरण मागतो. त्या वेळी देव त्याला विश्वास कमी पडला म्हणून रागे भरत नाही. त्याला झोपू देतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि मग पुष्कळ पुढे होरेब डोंगरावर त्याला विचारतो की तू इथे काय करतोस. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सावकाश वाचून पाहा.

माझ्या सेवेच्या काळात मी एक गोष्ट पाहत आलो. सभासदाने एखाद्या कामाला 'या वर्षी मला जमणार नाही' असे म्हटल्यावर पुढच्या रविवारी दारात त्याच्याशी हस्तांदोलन कसे होते, यावरून मंडळीची प्रकृती कळते. आवाजात गारवा आला, समितीच्या बैठकीत त्याचे नाव निघताच कोणी सूचक खाकरले, त्याच्या मुलाला नाताळच्या नाटिकेतून वगळले, की समजावे काही तरी दुखते आहे.

मात्र याची दुसरी बाजूही लिहिणे मला भाग आहे. आज पुष्कळ मंडळ्यांत लोक केवळ बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढ्यापुरते येतात आणि उरलेले काम चार-सहा जणांच्या खांद्यावर पडते. तेव्हा या धाग्याचा उपयोग कोणी सबब म्हणून करू नये.

चिंचवडकर

पाळकसाहेब, हस्तांदोलनाची खूण पटली. माझा अनुभव मात्र याहून कडक शिस्तीच्या ठिकाणचा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने लिहितो.

नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला आल्यावर मी एका स्वतंत्र मंडळीत जाऊ लागलो. भाड्याच्या सभागृहात सभा होत असे, तरुण मंडळी भरपूर, गायन उत्तम, आणि पहिल्याच महिन्यात मला एवढे जिव्हाळ्याने वागवले गेले की घरच्यांची आठवण कमी झाली. हळूहळू कळले की तिथे प्रत्येकाला एक 'आत्मिक बाप' असतो. नोकरी बदलायची, गावी चार दिवस जायचे, मुलगी पाहायला जायचे, तर आधी त्याला विचारायचे. सुरुवातीला हा सल्ला वाटे. पुढे तो न घेता काही केले तर 'तू पांघरुणाबाहेर गेलास, आता काही वाईट घडले तर आम्ही जबाबदार नाही' असे ऐकावे लागे. कॉलेजातले मित्र सुटले, कारण ते 'जगातले' होते. आईवडिलांच्या जुन्या चर्चला 'मेलेली मंडळी' म्हणायला मी शिकलो.

प्रश्न विचारणाऱ्याला एकच वचन ऐकवले जाई: 'माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने नेमलेल्यांना) हात लावू नका.' १०५ वे स्तोत्र मी पुढे स्वतः पूर्ण वाचले. त्यात अब्राहाम, इसहाक, याकोब हे परक्या मुलखातून भटकत असताना देवाने राजांना त्यांच्यावर जुलूम करण्यापासून कसे रोखले, हे सांगितले आहे. दुबळ्यांच्या रक्षणासाठी उच्चारलेले शब्द सत्ताधाऱ्याच्या रक्षणासाठी वापरले जात होते. दावीद तर साक्षात अभिषिक्त राजा होता, तरी नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर 'तो मनुष्य तूच आहेस' असे म्हणाला आणि दाविदाने ते ऐकून घेतले.

माझा प्रश्न म्हणून हा घ्या: चर्चशी जोडले गेल्यापासून माझ्या ओळखीची, प्रेमाची आणि विचारांची माणसे वाढली की कमी झाली?

हिशेबनीस

चर्चचा वार्षिक हिशेब मागून पाहा. उत्तर कसे येते, यावरून पुष्कळ काही समजेल.

प्रवरातीर

वरचे सगळे प्रतिसाद शहरातले आहेत, म्हणून नगर जिल्ह्यातल्या खेड्याची परिस्थिती लिहितो. आमच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. मिशनची शाळा, बोर्डिंग आणि दवाखाना यांनी त्यांना अक्षर दिले, औषध दिले, आणि नावापुढे 'मास्तर' किंवा 'बाई' लावून हाक मारणारी माणसे दिली. त्यामुळे आमच्याकडे चर्च ही केवळ उपासनेची जागा राहिली नाही. आमचे गणगोत तिथेच आहे, सोयरीक तिथूनच जुळते. मुलामुलीच्या लग्नाच्या सूचना उपासनेत वाचाव्या लागतात, आणि माणूस गेल्यावर कबरस्तानात जागा मिळण्यासाठी पाळकांची चिठ्ठी लागते.

अशा ठिकाणी मंडळीत दोन तट पडले की काय होते, हे आम्ही पाहिले आहे. समितीची निवडणूक जवळ आली की सभासद-यादीतून विरोधी गटाची नावे वगळली जातात, कारण वर्गणी थकली असे दाखवले जाते. एका घरातली म्हातारी वारली तेव्हा, नाव यादीत नाही म्हणून चिठ्ठी दुपारपर्यंत अडवून धरली गेली. उन्हाळ्याचे दिवस होते. पेटी अंगणात कडुलिंबाखाली ठेवलेली, बायका बर्फाच्या लाद्यांवर गोणपाट टाकत होत्या आणि दोन पंच वर्गणीच्या पावत्या तपासत बसले होते. मंडळी आजारी होते म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या दिवशी दिसले.

म्हणून 'पटत नसेल तर सोडून द्या' असा सल्ला कृपा करून कोणी देऊ नये. शहरात एक चर्च सोडून दुसरे धरता येते. गावात चर्च सोडणे म्हणजे भाऊबंदकी, सोयरीक आणि पूर्वजांच्या कबरी एकदम सोडणे असते. माझ्या मते खरी कसोटी अशी आहे की, ज्या गोष्टींसाठी माणसाला चर्चवाचून गत्यंतर नाही, त्या गोष्टी त्याला वाकवण्यासाठी वापरल्या जातात का.

अबोली_पुणे

प्रवरातीर, त्या म्हातारीची हकिकत वाचून पुढे काही लिहिवेना. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले?

प्रवरातीर

दफन सायंकाळी झाले. मुलगा आजही त्याच चर्चला येतो, मागच्या बाकावर बसतो, पण प्रभुभोजन घेत नाही. त्याला 'तू का येतोस' असे विचारण्याचा धीर मला आजवर झाला नाही.

साधा_सभासद

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. आधीच आपल्याकडे संशयाने पाहणारे पुष्कळ आहेत, प्रार्थनासभांवर आक्षेप घेतले जातात. अशा काळात आपल्या घरातले धुणे आपणच चव्हाट्यावर धुवावे का? पाळकांचे चुकले तर त्यांच्यासाठी गुडघे टेकावेत, असे आमचे वडील सांगत. या धाग्याने एखाद्या डळमळीत तरुणाचा विश्वास ढळला, तर त्याला जबाबदार कोण?

चिंचवडकर

आपली काळजी खरी आहे आणि ती मी हलकी समजत नाही. परंतु माझा विश्वास ज्या दिवसांत ढळला, त्या दिवसांत अशा विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलणारे मला कोणीच भेटले नव्हते. मला वाटे की असे वाटणारा मी एकटाच आणि दोष माझ्याच मनात आहे. बाहेरच्यांच्या संशयाची भीती दाखवून आतल्यांना गप्प बसवणे, हेही जखडण्याचेच एक साधन होते.

शिवाय ही तपासणी आपल्या पंथाबाहेरून आलेली नाही. पौल थेस्सलनीकाकरांना सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते घट्ट धरायला सांगतो. बिरुयातले लोक तर खुद्द पौलाचे बोलणे शास्त्रलेखांशी रोज ताडून पाहत, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे.

केडगावची_वाचक

या चर्चेत पंडिता रमाबाईंची आठवण येणे स्वाभाविक आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर लगेचच त्यांचा तिथल्या मठातल्या भगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. रमाबाई परक्या देशात होत्या, पदरी लहानगी मनोरमा होती, आसरा त्याच भगिनींनी दिलेला होता. उपकारांचे एवढे ओझे असताना त्यांनी त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धान्ताविषयी शंका विचारल्या आणि आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्या कोणाची मालकी मानायला स्पष्ट नकार दिला. एका अधिकाराच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलेली बाई दुसरे जोखड मुकाट मानेवर घेणार नव्हती. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, भांडण एवढे कडाक्याचे होऊनही त्या पत्रांत परस्परांविषयीची माया आटलेली दिसत नाही आणि श्रद्धाही सुटलेली नाही. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही तसेच. मिशनच्या चाकरीत वर्षे घालवल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनपासून वेगळे होऊन 'देवाचा दरबार' सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. ख्रिस्तावरची निष्ठा आणि संस्थेवरची निष्ठा या दोन गोष्टी निरनिराळ्या करून पाहण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, तेव्हा 'साधा_सभासद' यांनी या धाग्याकडे परक्यासारखे पाहू नये.

भावनेविषयीही दोन शब्द लिहिते, कारण वर 'गायन उत्तम' हे वाक्य काहीशा संशयाने आले आहे असे वाटले. १९०५ साली मुक्तीमध्ये जे जागरण झाले त्यात मुली तासन् तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत. रडणे वा टाळ्या वाजवणे हे आजाराचे लक्षण नाही. त्या रडण्यानंतर दुसऱ्या दिवशी मुलगी कुठे असते, तिच्या हातात पुस्तक, चरखा, स्वयंपाक, आजारी मैत्रिणीची शुश्रूषा यांपैकी काही असते का, ते पाहावे.

वसईचा_वाचक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडची रचना वेगळी आहे. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, पण आमची धर्मग्रामे शतकानुशतकांची आहेत. आमचे फादर बदलून जातात, त्यामुळे एका माणसाभोवती सगळे गोळा होण्याचा धोका काहीसा कमी असतो. १९८३ च्या चर्च-कायद्यातील ५३७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे. पाळकीय परिषद असते, पण तिचे मत केवळ सल्ल्याचे असते, ही आमच्या रचनेतली अडचण मी मान्य करतो.

अबोलीताईंच्या अपराधीपणाविषयी मला अधिक लिहावेसे वाटते, कारण तो सर्वांत खोल भाग आहे आणि त्याकडे वरच्या प्रतिसादांत फारसे कोणी वळलेले नाही. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा इथे असताना त्यांना याच व्याधीने ग्रासले होते. पापनिवेदन झाले तरी काही तरी सांगायचे राहिले असे वाटे, पुन्हा पुन्हा तीच पापे सांगत, आणि एक वेळ अशी आली की जीव द्यावा असे विचार मनात येऊ लागले. यातून बाहेर पडल्यावर त्यांनी ठरवले की जुनी पापे पुन्हा उकरून सांगायची नाहीत. जी टोचणी माणसाला देवाकडे न नेता केवळ पिळत राहते, ती देवाकडून आलेली नाही, हे त्यांना स्वानुभवाने कळले होते.

त्यांनीच घालून दिलेला आणखी एक नियम आपल्या उपयोगाचा आहे. मन उदास आणि कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. सासूबाईंच्या आजारपणात किंवा अपमानाच्या दुसऱ्या दिवशी चर्च सोडण्याचा अथवा सगळी पदे टाकण्याचा निश्चय करू नका. मन शांत झाल्यावर, कोणी तरी शहाणे माणूस सोबत घेऊन विचार करा.

परिचारिका_मिरज

मी निवृत्त परिचारिका आहे. मिरजेला वानलेस रुग्णालय १८९४ साली सुरू झाले, आणि त्या मिशन-परंपरेत शिकलेल्या आम्हा सर्वांना सकाळची प्रार्थना आणि त्यानंतर वॉर्डातली फेरी हे एकाच कामाचे दोन भाग वाटत आले. औषध देताना प्रार्थना करण्यात आम्हाला कधी विसंगती दिसली नाही.

म्हणून मला एका गोष्टीची भीती वाटते. फेफऱ्याचा आजार असलेली एक तरुण मुलगी माझ्या माहितीत होती. सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि 'मी गोळ्या बंद केल्या' ही तिची साक्ष टाळ्यांच्या गजरात झाली. फेफऱ्याच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर झटक्यांवर झटके येऊन जीव जाऊ शकतो, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. मुलगी वाचली. पण शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो 'माझा विश्वास कुठे कमी पडला?' असा होता.

ज्या ठिकाणी साखर, रक्तदाब, फेफरे किंवा मनाच्या आजाराचे औषध सोडणे ही विश्वासाची खूण मानली जाते, तिथून माणसाला ताबडतोब बाहेर काढावे. बाकी सगळ्या बाबतींत विचार करायला सवड घ्या, या बाबतीत घेऊ नका. वसईच्या बंधूंनी सांगितलेली टोचणी फारच वाढली, झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यातही कमीपणा नाही. तोही एक आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

पाळकाची_मुलगी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एका बाजूने कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. पाळकाच्या घराला रजा नसते. बाबांना रात्री दीड वाजता फोन येत, आईने कोणती साडी नेसली यावर महिला संघात चर्चा होई, आणि मला परीक्षेत गुण कमी पडले की ती साऱ्या मंडळीची बातमी ठरे. पगार वेळेवर न देणारी समितीच बाबांकडून 'सेवाभावाची' अपेक्षा धरी. इथ्रोने मोशेला सांगितले होते की, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही झिजतील. जावयाची काळजी वाटून बोललेले ते शब्द आहेत. आमच्या घरी येऊन असे बोलणारे कोणी नव्हते.

पाळक सभासदांना जखडतात तसे सभासदही पाळकाला जखडतात. आपल्या मंडळीचा पाळक सहकुटुंब सुट्टीवर जातो का आणि तो गेलेला असताना लोक त्याला फोन करण्याचे टाळतात का, एवढे जरी पाहिले तरी बरेच कळते.

निवृत्त_पाळक

बाळ, हे कोणी तरी लिहायलाच हवे होते. माझ्या मुलांनीही कदाचित हेच लिहिले असते.

हिशेबनीस

माझ्या एका ओळीच्या प्रतिसादाविषयी काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारले, म्हणून खुलासा करतो. मी व्यवसायाने लेखापाल आहे आणि काही धर्मादाय न्यासांचे काम पाहिले आहे.

चर्चची मालमत्ता आणि निधी बहुधा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाकडे असतो. अशा न्यासाचे हिशेब दर वर्षी तपासून घ्यावे लागतात. न्यासाच्या नोंदणीचा उतारा, ज्याला सगळे 'शेड्यूल वन' म्हणतात, त्यात विश्वस्तांची नावे आणि स्थावर मालमत्ता यांची नोंद असते. आपल्या चर्चचे विश्वस्त कोण आहेत, हे बहुतेक सभासदांना माहीत नसते. पुष्कळदा उताऱ्यावरची निम्मी माणसे वारलेली असतात आणि बदल-अर्ज वर्षानुवर्षे पडून असतात. स्वतंत्र मंडळ्यांत तर दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, थेट एका व्यक्तीच्या खात्यावर जातो असेही दिसते. तिथे हिशेब विचारणे हा अविश्वास ठरतो आणि मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले, दशांश न देणाऱ्यांना उद्देशलेले 'तुम्ही मला लुटता' हे वचन विचारणाऱ्यावरच उलटते.

पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, आणि त्याचे कारणही लिहून ठेवले की, एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेबाबत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात हे सापडेल. प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या खजिनदाराला का वाटावे?

देण्याच्या बाबतीत मी स्वतः एवढेच पाहतो की, ज्या महिन्यात घरात अडचण आहे त्या महिन्यात पाकीट हलके गेले, तर कोणाच्या लक्षात येते का आणि कोणी बोलून दाखवते का.

शिक्षिका_नाशिक

मुलांच्या संदर्भात एक गोष्ट राहून गेली. रविवारची शाळा, शिबिरे, गायनाचा सराव या सर्व ठिकाणी एक मूल आणि एक मोठा माणूस बंद खोलीत एकटे असू नयेत, असा नियम आपल्या मंडळीत आहे का, ते विचारा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यावर पोलिसांना कळवणे हे कर्तव्य आहे. 'आपण आपसात मिटवू, देवाच्या घराची बदनामी नको' हे वाक्य ऐकू आले, तर तिथे आपल्या सहभागाचा विचार करण्याआधी त्या मुलाचा विचार करावा.

राहुरीची_मावशी

एवढे सगळे वाचून कोणाला वाटेल की निकोप मंडळी कुठे नसतेच, म्हणून आमच्याकडचे एक दृश्य सांगते. पीक घरात आले की उपकारस्तुतीची उपासना होते. वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, हरभऱ्याचे डहाळे, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या असे सगळे मांडतात आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. गेल्या खेपेला एका विधवेने टोपलीभर अंडी आणली होती. ती एकाने विकत घेतली आणि पुन्हा लिलावाला ठेवली, दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत ठेवली. अशी ती टोपली फिरत राहिली आणि शेवटी ज्याने घेतली त्याने ती त्या बाईच्याच नातवाच्या हाती दिली. पैसे तिथल्या तिथे, सर्वांसमोर मोजले गेले आणि फळ्यावर आकडा लिहिला गेला. ज्यांनी काहीच आणले नव्हते, तेही पंगतीला बसले.

आमच्या मंडळीतही भांडणे होतात. पण गैरहजर माणसाच्या घरी सोमवारी कोणी तरी जाते, आणि गेलेला माणूस आधी पाणी मागतो, चौकशी करतो, चर्चचा विषय काढत नाही.

साधा_सभासद

केडगावच्या ताईंचा आणि मिरजेच्या सिस्टरांचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. सार्वजनिक ठिकाणी लिहिण्याविषयीचे माझे मत बदललेले नाही. अशी चर्चा आधी मंडळीतच व्हावी, असे मला अजूनही वाटते. पण ती तिथे होऊ दिली जात नाही, हे प्रवरातीर यांनी दाखवले त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत कबरस्तानाच्या चिठ्ठीचा आणि वर्गणीचा संबंध तोडावा, असा ठराव मी मांडणार आहे.

अबोली_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण दिलेले प्रश्न मी वहीत उतरवून घेतले आणि त्यांची उत्तरे प्रामाणिकपणे लिहिली. माझ्या मंडळीत हिशेब दर वर्षी वाचला जातो, औषध सोडायला कोणी सांगत नाही, आणि चर्चबाहेरच्या मैत्रिणींवरून मला कोणी कधी टोकले नाही. मुलांच्या संदर्भातला नियम मात्र आमच्याकडे नाही, तो मी पाळकसाहेबांपुढे मांडला आहे. म्हणजे चिंचवडकर किंवा प्रवरातीर यांनी जे सोसले, त्या जातीची माझी अडचण नाही, आणि तसे लिहिणे माझ्या मंडळीवर अन्यायाचे होईल.

माझ्या उत्तरांत एक जागा तेवढी कोरी राहिली. 'ही सारी कामे काढून घेतली, तर देवापुढे मी कोण आहे?' या प्रश्नाला मला काही लिहिता आले नाही. कामात गुंतलेली मार्था आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया यांची गोष्ट मी मुलांना दर वर्षी शिकवते. मला वाटते, वसईच्या बंधूंनी ज्या टोचणीविषयी लिहिले, तिचे मूळ इथे आहे, आणि ते मंडळीने लावलेले नाही.

शुक्रवारची उपास-प्रार्थना आणि गायनवृंद सध्या थांबवायचे ठरवले आहे. मुलांची शाळा ठेवणार आहे, कारण तिथून घरी येताना मला नेहमीच हलके वाटते. पाळकसाहेब, हे समितीला पत्राने कळवावे की प्रत्यक्ष भेटून?

निवृत्त_पाळक

आधी पाळकांना प्रत्यक्ष भेटा, मग समितीला दोन ओळींचे पत्र द्या. पत्रात कारणांची यादी देऊ नका, क्षमाही मागू नका. 'अमुक तारखेपासून ही दोन कामे मी थांबवत आहे' एवढे पुरे. गायनवृंदाच्या वह्या आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे द्यायची त्यांना स्वतः नेऊन द्या. पहिले काही शुक्रवार संध्याकाळी सासूबाईंसोबत बसा. फोन वाजला तर त्यांनाच उचलू द्या.